मरोद्याच्या शेडमध्ये मी बघायला शिकले

चिपळूणहून उठून भिलाईला चित्रकला शिकायला निघाले आहे, असं मी सांगितलं तेव्हा आमच्या आळीत कुणालाच ते खरं वाटलं नाही. "तिकडे लोखंड करतात ना हो?" शेजारणीने विचारलं. माझं वय एकोणसाठ. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवून नुकतीच निवृत्त झालेली. या वयात लोक काशीला जातात, फार तर नातवंडांकडे.

कारण एका पुस्तकाचं होतं. आमच्याकडच्या रानभाज्यांवर मी काही वर्षं टिपणं काढत होते. ती छापायला एक प्रकाशक तयार झाले, पण फोटो नकोत म्हणाले. साध्या कागदावर सगळी पानं एकसारखी काळी उमटतात. "रेखाचित्रं द्या, तुम्हाला येतच असतील." मलाही तसंच वाटलं. जास्वंदाचं फूल मी फळ्यावर डोळे मिटून काढत असे. पण भाजीचं अळू आणि रानातलं खाजरं तेरं शेजारी शेजारी काढून पाहिलं, आणि घाबरले. दोन्ही चित्रं एकच दिसत होती. पुस्तक हातात धरून कुणी रानात गेलं आणि चुकीचं पान घरी आणून शिजवलं, तर घसा सुजून आडवं पडायची पाळी. एवढी जोखीम माझ्या पेन्सिलीवर होती.

तेव्हा माझी मावसबहीण मंदा फोनवर म्हणाली, "आमच्याकडे ये न. इथं एक सर आहेत, बाराखडीपासून शिकवतात." मंदा मूळची नागपूरकडची, तिचे यजमान रेल्वेत, आणि घर भिलाई-३ला. पोळा होऊन गेला होता, पाऊस ओसरत आला होता. मी एक महिन्याची बॅग भरली.

भिलाई नावाची स्टेशनं

गाडीत एका भल्या गृहस्थांनी "भिलाई आली" म्हणून मला उतरवलं. गाडी गेल्यावर पाटी पाहिली, तर ते भिलाई नगर. तिथून पुढे पॉवर हाऊस, आणि मग मंदाची भिलाई-३. एका गावाला इतकी स्टेशनं असतील याची मला कल्पना नव्हती. लोकल यायला तास होता. बाकावर शेजारी बसलेल्या बाईंनी माझी बॅग पाहून डबा उघडला आणि दोन ठेठऱ्या माझ्या हातावर ठेवल्या. बेसनाच्या, कडक, आपल्या कडबोळ्याच्या लांबच्या बहिणी. "तीजा के हे, खा ले दीदी," म्हणाल्या. त्या तीजेचं माहेरपण संपवून सासरी निघाल्या होत्या. आमच्याकडे हरतालिकेला उपास, जागरण. इथे त्याच सणाला लेकी माहेरी जातात, आईच्या हातची साडी नेसतात आणि परतताना डबे भरून आणतात. मला वाटलं, सण एकच, पण यांनी त्यातला गोड भाग जास्त ठेवला आहे.

वीट

मंदा म्हणाली ते कापगते सर भिलाईतच, मरोद्याला राहतात. मूळ साकोलीकडचे, शेतकरी घरातले. उभी नोकरी इथल्या पोलाद कारखान्यात साचे करण्यात गेली. लोखंडाचा भाग ओतण्याआधी तो हुबेहूब लाकडात घडवतात, त्याच्याभोवती रेती दाबतात, लाकूड काढून घेतात आणि राहिलेल्या पोकळीत लोखंड ओततात. ते लाकूड घडवणारे सर. घरामागे टिनाचं शेड, एकाच बाजूला खिडकी, सहा स्टुलं. विद्यार्थी आम्ही तीन-चारच. त्यातली रोज येणारी रुचिता, कला महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारी, घरात मराठी आणि घराबाहेर हिंदी बोलणारी मुलगी.

पहिल्या दिवशी सरांनी माझ्यापुढे एक वीट ठेवली आणि पेन्सिल काढून घेतली.

"मॅडम, आधी सांगा, काय दिसून राहिलं?"

"वीट."

"ते मले मालूम आहे. दिसते काय?"

"तीन बाजू दिसताहेत. वरची, समोरची, डावीकडची."

"कोणती सगळ्यात उजेडाची? समोरचीच्या किती पट वरची? मागची कड पुढच्या कडेपेक्षा लहान का मोठी? सांगत राहा. थांबू नका."

अर्धा तास मी एका विटेबद्दल बोलत होते. घाम फुटला. मग पेन्सिल मिळाली, खोडरबर मात्र आठवडाभर बंद. "साचा एक सूत चुकला तर लोखंड चुकते, मॅडम. अन् लोखंड काही खोडरबरानं मिटत नाही."

हात ताठ धरून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत माप घ्यायला मी तिथे शिकले. खिडकीला टांगलेल्या ओळंब्याच्या दोऱ्याशी कड ताडून बघायला शिकले. दोन वस्तूंमधली रिकामी जागा हीसुद्धा एक आकृती असते, ती नीट काढली की वस्तू आपोआप जागेवर येतात, हे कळलं तेव्हा मी लहान मुलीसारखी हसले. विटेनंतर अंडं आलं. अंड्याला रेष नसते, नुसती सावली असते. तीन दिवस माझी अंडी बटाट्यासारखी होत होती.

शिकवणीची रीत अशी. दिवसभराचे कागद संध्याकाळी शेडमध्येच ठेवून जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सर एकेकाला बोलावून चुका सांगायचे. आणि त्या किती नेमक्या! "अंड्याची सावली खाली सगळ्यात काळी काढली तुमी. खाली जमिनीचा उजेड परत वर येते न. थोडं फिकं पायजे." मी कागदाकडे बघायची आणि थक्क व्हायची. कागद न बघता, हात मागे बांधून ते हे बोलत. केवढी ही स्मरणशक्ती, असं मला वाटे.

अकरा वाजता सरांच्या पत्नी, सुमनताई, चहा आणायच्या. ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू, पायात सरांच्या जुन्या चपला. कप ठेवताना प्रत्येकाच्या फळीवर एक नजर टाकून निघून जायच्या. मी त्यांच्याशी "चहा छान झालाय" यापलीकडे बोलले नव्हते, हे आता लिहिताना लाज वाटते.

हथखोज

दहाव्या दिवशी सर आम्हाला हथखोजच्या कारखान्यांकडे घेऊन गेले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एकाचं तिथे छोटं वर्कशॉप आहे. बाहेर पाइपांचे तुकडे पडले होते, मनगटाएवढ्यापासून घागरीएवढे. "गोल तोंड तिरपं दिसलं की काय होते, ते शिकायला याच्याहून चांगली शाळा नाही," सर म्हणाले. आम्ही पाइपांपुढे उकिडव्या बसलो. ग्राइंडरच्या आवाजात एकमेकींचं बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि माझ्या साडीला ग्रीसचा जो डाग लागला तो अजून निघालेला नाही.

मालकाने दुपारी जेवू घातलं. त्याच्या बायकोने इडहर केला होता. कोचईच्या पानांना उडदाचं वाटण लावून, गुंडाळी करून, वाफवून, कापून, मग ताकाच्या कढीत सोडायचं. कोचई म्हणजे आपलं अळू. अळूवडी कढीत पोहताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. आमच्याकडे ती तळून कुरकुरीत हवी, इथे मऊ, आंबट, भातावर ओतायची. मी तीनदा वाढून घेतलं. निघताना त्या बाईंनी परसातली दोन कोचईची पानं देठासकट मला तोडून दिली.

दुसऱ्या दिवशी मी ती काढायला घेतली. हे तर माझंच पान. तासाभरात काढून झालं, शिरांसकट. मनात म्हटलं, या चित्राला तरी सर काही बोलणार नाहीत.

पुढच्या सकाळी सर म्हणाले, "मॅडम, देठ जागेवर नाही."

"म्हणजे?"

"तुमी देठ पानाच्या खाचेत लावला. पान पाहा."

मी पान उचललं. देठ खाचेत नव्हता. खाचेपासून बोटभर आत, पानाच्या पोटाला चिकटला होता. तीस वर्षं मी हे वर्गात सांगत आले होते. माहीत होतं, पण काढताना बघितलं नव्हतं. भाजीचं अळू ओळखायची एक खूण नेमकी तीच, आणि मी तीच चुकवली होती. पुढे तीनदा काढल्यावर ते पान जमलं, आणि आज पुस्तकात आहे.

कोरी बाजू

तिसऱ्या आठवड्यात सुमनताई दोन दिवसांसाठी दुर्गला गेल्या, बहिणीचं ऑपरेशन होतं. त्या सकाळी सरांनी कुणालाच चुका सांगितल्या नाहीत. "आज काढत राहा," एवढंच म्हणाले. मला घाई होती, दिवस कमी उरले होते. मी मुनग्याच्या, म्हणजे आपल्या शेवग्याच्या, शेंगांचा कागद त्यांच्या हातात दिला. "सर, आत्ताच बघा ना. पुढचं चित्र सुरू करते."

त्यांनी कागद हातात घेतला, चेहऱ्यासमोर धरला. थोडा वेळ गेला.

"चांगलं आहे. पण वजन उजवीकडे जास्त झालं."

शेंगांची बाजू माझ्याकडे होती. ते कोऱ्या बाजूकडे बघत होते.

रुचिताने चटकन उठून त्यांच्या हातातून कागद घेतला. "सर, वो मैं आंटी को बता देती हूँ." सरांनी खिशातून रुमाल काढून उगाच हात पुसले.

बस स्टॉपवर मी रुचिताला गाठलं. मग विचारलं, "त्यांना दिसत नाही?"

"आंटी, मले वाटलं तुमाले मालूम है. सबको पता है. सात साल हो गए."

"मग रोज सकाळी चुका कोण सांगतं?"

"काकू. शाम को सारे पेपर काकूच पाहते न. पाहते अन् सरले सांगते."

त्या संध्याकाळी मी मंदावर चिडले, जणू दोष तिचा होता. एवढ्या लांबून मी शिकायला आले, आणि माझी चित्रं तपासत होत्या चौथी शिकलेल्या, चहा आणून देणाऱ्या बाई! मंदाने झुणका-भाकरीचं ताट पुढे केलं आणि म्हणाली, "तू पंधरा-वीस दिवस त्या शेडमध्ये काय बघून राहिली होती मग?"

वीट पाहिली, अंडं पाहिलं, पाइप पाहिले. जो माणूस रोज समोर उभा होता त्याला पाहिलंच नाही. आणि त्या बाईंना तर मुळीच नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर आणखी एक गोष्ट सुचली, आणि मी उठून बसले. देठ जागेवर नाही, हे तर त्या बाईंनीच ओळखलं होतं. मी नव्हे.

सुमनताई

त्या परत आल्याच्या दिवशी मी सकाळी लवकर गेले. त्या अंगणात लाल भाजी निवडत होत्या. मी शेजारी बसून काड्या खुडायला लागले. काय बोलावं सुचेना. त्याच म्हणाल्या, "रुचितानं सांगतलं मले. राग आला असंल तुमाले, बाई."

"आला होता. आता नाही."

"बारीक काही दिसत नाही जी त्याइले. डॉक्टरनं सांगतलं, आता नाही सुधरत. मंग हे म्हणे, शेड बंद करतो. स्टुलं विकून टाकतो. दोन दिवस जेवले नाही. मी म्हटलं, बंद कावून करता? मी पाहते, मी सांगते."

"तुम्हाला चित्रातलं कळत होतं?"

त्या हसल्या. "काही नाही. पहिल्या दिवशी एका पोराचा लोटा पाहून मी सांगतलं, लोटा चांगला आहे. तर असे भडकले! चांगला म्हंजे काय? गळा किती, पोट किती, ते सांग. मी रडली का नाही, विचारा त्याइले. मंग पेन्सिल धरून मोजाले शिकवलं मले. गळा अर्धी पेन्सिल, पोट दीड पेन्सिल. दिवा लावून दोघं बसतो. मी सांगते, ते डोळे मिटून आयकतात. मंग म्हणतात, थांब, इथं चूक आहे. कदी मले आधी सापडते, कदी त्याइले."

"मग सकाळी तुम्हीच का नाही सांगत? समोर?"

त्यांनी निवडलेली भाजी चाळणीत टाकली. "सर ते आहेत न बाई."

मी सगळं ऐकून घेतलं आणि शेडमध्ये गेले. सर स्टुलं लावत होते. मी म्हटलं, "सर, कोचईच्या पानाचा देठ कुणाला सापडला होता?"

ते थांबले. माझ्या आवाजाकडे वळले. मला वाटलं, दुखावलं मी त्यांना. पण ते शांतपणे म्हणाले, "हिले. मी तर म्हटलं होतं, शास्त्राच्या मॅडम आहेत, देठ चुकणार नाही. ही म्हणे, चुकला, मी स्वयंपाकात रोज कापते. दहा मिनिटं भांडलो आमी."

"मग आजपासून त्यांनी आमच्यासमोर सांगावं, अशी माझी इच्छा आहे. दोघांनी मिळून."

सरांनी हातातलं स्टूल खाली ठेवलं. मग त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "सुमन, एक स्टूल तुयासाठी लावून राहिलो. ये."

पुढचे आठ दिवस माझ्या आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या दिवसांत मोडतील. सुमनताई कमरेला पदर खोचून प्रत्येकीमागे उभ्या राहत आणि दिसेल ते मोठ्याने सांगत. पहिल्या दिवशी आधी सरांकडे बघून मग बोलत. तिसऱ्या दिवशी त्यांनी रुचिताला दरडावलं, "सावली उजेडाच्याच बाजूले कशी पडली व पोरी?" सर बसल्या जागी ऐकत, विचारत, मधेच वाद घालत. चेच, खेडा अशा इकडच्या भाज्या, मुनगा, जे बाजारात मिळेल ते आणून मी काढलं. एकदा सर म्हणाले, "झालं, ठेवा." सुमनताई म्हणाल्या, "झालं कसं? मधलं पान मेलं आहे याचं, वळलंच नाही." आणि त्यांचं बरोबर होतं. माझ्या पुस्तकातल्या प्रत्येक चित्राला या नवरा-बायकोचे कान आणि डोळे लागलेले आहेत. आभाराच्या पानावर दोघांची नावं आहेत, आणि सुमनताईंचं आधी आहे. त्यावरूनही त्या माझ्याशी फोनवर भांडल्या.

निघायच्या दिवशी

दुपारची गाडी होती. मी पेढे घेऊन मरोद्याला गेले. इतर मुली अजून यायच्या होत्या. सर शेडमध्ये खुर्चीत बसून रेडिओवरच्या बातम्या ऐकत होते. मला काय वाटलं कोण जाणे, मी माझी फळी, कोरा कागद आणि चार बीची पेन्सिल तिथेच बसलेल्या सुमनताईंच्या मांडीवर ठेवली.

"काढा."

"मले नाही येत जी."

"येत नाही म्हणणाऱ्याला इथे आधी काय सांगतात?"

त्या लाजल्या. मग पेन्सिल हातात घेऊन, एक डोळा मिटून, हात ताठ करून त्यांनी समोर माप धरलं. समोर सर होते.

पाऊण तास गेला. मी हललेही नाही. रेषा थरथरत होती, कुठे दोनदा, कुठे तीनदा ओढलेली. पण जागा एकही चुकली नाही. सरांना कळलं होतं, रेडिओ त्यांनी कधीच बंद केला होता. शेवटी पेन्सिलीचा आवाज थांबला.

"झालं?" सर म्हणाले. "सांग मंग."

सुमनताईंनी कागद माझ्या हातात दिला. "मी नाही सांगत. माहंच आहे, मी कशी सांगू? बाई सांगतील."

सर माझ्याकडे वळले. "सांगा मॅडम. पण चांगलं आहे, असं नका सांगू."

मी कागद खिडकीच्या उजेडात धरला. कधी कुठल्या परीक्षेला बसताना घाबरले नव्हते इतकी घाबरले.

"खुर्चीत बसलेला माणूस आहे. कागदाच्या मधोमध नाही, थोडा उजवीकडे. खांदे सारखे नाहीत, डावा दोन बोटं खाली आहे. हात मांडीवर, एकावर एक. वरच्या हाताचा अंगठा आत दुमडलेला."

"बरोबर. पुढे."

"मान लांब नाही. कान भुवईच्या रेषेपासून निघून नाकाच्या शेंड्याच्या बराच खाली आलाय."

"म्हंजे मोठा झाला कान."

मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं, माप घेतलं. "नाही सर. तुमचा आहेच तेवढा."

सुमनताई तोंडाला पदर लावून हसल्या. सरही हसले. मग म्हणाले, "डोळे?"

डोळ्यांवरच मी सगळ्यात आधी थांबले होते आणि मुद्दाम शेवटाला ठेवले होते.

"उघडे काढलेत. पापण्या जड, वरची पापणी बुबुळावर थोडी आलेली. दोन्ही बुबुळं डाव्या कोपऱ्याकडे सरकली आहेत. नजर समोर नाही, सर. सुमनताई जिथे बसल्या आहेत, त्याच्या जरा बाजूला. त्यांच्या खांद्यापलीकडे."

मला वाटलं, हे सांगायला नको होतं. पत्र्यावर एक कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती.

"काढलं तिनं ते," सर हळूच म्हणाले. मग माझ्या बाजूने वळून, समजावून सांगावं तसं म्हणाले, "माह्या नजरेतलं मधलं गेलं न मॅडम. काठाकाठाचं तेवढं राहिलं. सरळ पाहिलं तर ही दिसत नाही. बाजूले पाहतो, तेव्हा दिसते."